उलटी लेबलं

माझ्या जिभेला हाड नाही, हे दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण समोरच्याला विद्यार्थी समजायची खोड काही गेली नाही.

आम्ही पाच जण हौसेने एक काम करतो. अंतराळात जाऊन आलेल्या उंदरांची माहिती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली असते. ती उतरवून घ्यायची आणि तिकडे त्यांच्या स्नायूंचं काय झालं ते शोधायचं. नियम एकच: एक फाइल दोघांनी वेगवेगळी सोडवायची आणि रविवारी माझ्या घरी सगळ्यांसमोर ताडून पाहायची.

एका खेपेला माझ्या जोडीला शहराच्या गढा भागातली एक बाई होती. चाळिशीची, अबोल, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. माझ्या तक्त्यात अंतराळातले उंदीर धडधाकट आणि जमिनीवर राहिलेले रोडावलेले निघाले. अंतराळात स्नायू झिजतात असंच आजवर दिसलेलं, त्यामुळे काहीतरी नवीनच हाती लागलं म्हणून मी हरखून गेले होते. तिचं नेमकं उलट आलं.

"तू लेबलं उलटी लावलीस," मी म्हटलं. "एवढंही जमत नसेल तर कशाला हात लावतेस?"

"मॅडम, तुमची शीट काहून नाही बघायची? एकदा बघून घेऊ न."

"काहून, काहून," मी तिच्या बोलीची नक्कल करत वेडावलं. बाकीचे हसले. दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावणारी बाई ती, आणि मी तिला लेबलं शिकवत होते.

सगळे गेल्यावर फाइल पुन्हा उघडली, तेव्हा चूक दिसली. उंदरांची नावं क्रमाने लावताना मी एकच कॉलम हलवला होता. नावं सरकली, आकडे जागच्या जागी राहिले, आणि अंतराळातल्यांचे आकडे जमिनीवरच्यांच्या नावावर गेले.

तरी तीन रविवार मी गप्प बसले. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती की आता हे लोक मला हसतील. मग तिचा ग्रुपवर मेसेज आला: वेळ मिळत नाही, माझं नाव काढून टाका.

मी फोन केला. "अगं, चूक माझी होती."

"माहीत आहे, मॅडम. मी घरी जाऊन ग्रुपवरची तुमची शीट त्याच दिवशी पाहिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्वतः सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती."

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर कबूल केलं. कोणीच हसलं नाही. तिला हसले तसं मलाही हसायला हवं होतं, निदान तिच्यासमोर, पण ती आलीच नव्हती.