नौबादच्या काकू आणि हिप्परग्याची भाग्या

परवा बीदरजवळच्या नौबादला एका घरी गेले होते. ‘आता फोन करू नका’ असं ज्या घरातून मला स्पष्ट सांगितलं होतं, त्याच घरी...

मी एका छोट्या संस्थेत काम करते. ज्या मुलांना बसायला-चालायला त्रास होतो, त्यांच्यासाठी कलबुर्गीकडच्या मादन हिप्परगा गावात आमचं फिजिओथेरपी सेंटर आहे. ते बाहेरच्या एका मोठ्या फंडावर चालायचं, तो आता बंद होतोय. म्हणून बीदर-कलबुर्गीतल्याच साध्या माणसांनी दरमहा थोडं थोडं द्यावं असं ठरलं, आणि ती माणसं जोडायचं काम माझ्याकडे आलं.

संस्था चालवणाऱ्या आमच्या सरोजाक्कांनी एकच नियम घालून दिला. ज्यांनी दिलंय त्यांना दर महिन्याला फोन करायचा, सेंटरमध्ये काय झालं ते सांगायचं, आणि काहीही मागायचं नाही.

वाटतं तेवढं हे सोपं नाही... लोकांचा विश्वासच बसत नाही. मी बोलत असते आणि पलीकडचा माणूस वाट बघत असतो, ही पैशावर कधी येतेय! एक अण्णा तर कंटाळून म्हणाले, “व्हय, पण काम काय काढलंय ते सांगा की.”

नौबादचे कांबळे सर रिटायर्ड शिक्षक. फोनवर ‘बरं’ आणि ‘हं’ यापलीकडे काही नाही. त्यांना मी सेंटरला येणाऱ्या छोट्या भाग्याबद्दल सांगायचे. (नाव बदललंय. तिच्या आईला आणि सरांना विचारूनच लिहितेय.) भाग्या आधी भिंतीला धरून उभी राहिली, मग वॉकर घेऊन दारापर्यंत आली...

आणि मग एक दिवस पडली. फार लागलं नाही, पण अशी घाबरली की सेंटरला यायचीच बंद झाली. हे देणगीदारांना सांगायचं का, यावर ऑफिसात वाद झाला. मला वाटलं, चांगलं सांगतो तर हेही सांगायला हवं. सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुन्हा फोन नको.

पैसे मात्र येत राहिले! मला हेच कळेना. रागावले असते तर देणं थांबवलं असतं. देतात, पण ऐकायचं नाही म्हणतात... असं का? डोक्यातून जाईना. परवा बीदरला गेले होते, तेव्हा धीर करून मेसेज टाकला, येऊ का म्हणून. ‘या’ एवढंच उत्तर आलं.

दार सरांनी उघडलं. आत खिडकीशी खुर्चीत सरांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मी नमस्कार करताच त्यांनी आवाज ओळखला. शब्द जड येत होते.

“तूच न्हवं का फोनवाली? ती पोरगी यायलीय का सेंटरला?”

मग सरांनी सांगितलं. काकूंना अर्धांगवायूचा झटका आलेला. डॉक्टरांनी व्यायाम दिला, पण त्या हात लावू द्यायच्या नाहीत. माझा फोन सर स्पीकरवर ठेवायचे. भाग्या भिंतीला धरून उभी राहिली हे ऐकलं, त्या संध्याकाळी काकू स्वतःहून म्हणाल्या, मला उभं करा. तेव्हापासून दोघींचं बरोबरच चाललं होतं. भाग्या पडली, तसं काकूंनीही सोडून दिलं.

“तुमचं काई चुकलं न्हाई,” सर म्हणाले. “मलाच भ्याव वाटायलं. अजून वाईट ऐकलं तर हिचं कसं व्हायचं...”

खरं सांगते, ‘यायलीय’ असं खोटंच बोलावंसं वाटलं. पण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, “नाही काकू. अजून येत नाही.”

त्यांनी डाव्या हाताने माझ्या फोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “तिच्या मायला फोन लाव.”

मी बाजूला जाऊन आधी भाग्याच्या आईला विचारलं. तिने पोरीलाच फोन दिला, तसा मी स्पीकर लावून माझा फोन काकूंच्या हातात दिला. भाग्याच्या घरी कानडी, म्हणून काकू कानडीतच बोलल्या, अडखळत. मीपण भितेय म्हणाल्या. मीपण सोडून दिलंय. तू तिथे उभी राहा, मी इथे राहते.

पलीकडून भाग्याने विचारलं, आजी, तूपण पडतेस? काकू म्हणाल्या, पडते की.

फोन टेबलावर ठेवून त्यांनी सरांकडे हात केला. खिडकीचा गज धरला आणि उठल्या. पाय थरथरत होते. तेवढ्यात फोनमधून भाग्याच्या आईचा आवाज आला... बाजेला धरून उभी राहिलीय!

सर खिडकीबाहेर बघू लागले. मीही.

आज भाग्या सेंटरला आली. चालली नाही, नुसती वॉकरजवळ बसून राहिली. जाताना मात्र विचारलं, आजीने आज केलं का? मी तिच्यासमोरच नौबादला फोन लावला. केलं होतं.

सर, ही पोस्ट काकूंना वाचून दाखवा. आणि फोन नको म्हणाला होतात, तरी परवा दार उघडलंत, त्यासाठी मनापासून थँक्यू.