येडशीहून आणलेली वेळ

धाराशिव अजून तीन कोस होतं आणि साठीचे शिवलिंगप्पा काही केल्या थांबेनात. रामलिंगाचं दर्शन घेऊन निघालेल्या प्रेमलाची मोटार चुकली होती, म्हणून ती त्यांच्याबरोबर पायी निघाली होती.

धाराशिवच्या कचेरीतलं माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ निजामाच्या काळापासून शिवलिंगप्पांच्या हवाली होतं. रविवारी येडशी स्टेशनावर जाऊन निजायचं, सोमवारी रेल्वेच्या घड्याळाशी खिशातलं घड्याळ जुळवायचं आणि ती वेळ पायी आणून मोठ्या घड्याळाचे काटे लावायचे, हीच त्यांची तीस वर्षांची चाकरी.

प्रेमलाचा नवरा अंबादास तिथंच कारकून होता. कचेरीत दोन वर्षांपासून रेडिओ होता. म्हाताऱ्यानं काटे लावून पाठ फिरवली की कारकून रेडिओवरून ते पुन्हा लावत आणि एकमेकांना टाळ्या देत. घरी येऊन अंबादास ते रंगवून सांगायचा. आज देवाच्या दारातून येताना हे पोटात ठेवणं प्रेमलाला पाप वाटलं.

“अप्पा, तिथं रेडिओ आलाय. तुमची वेळ कुणी बघत नाही.”

“ठावं हाय की! पहिल्याच सोमवारी खिडकीतनं बघितलं म्या.”

“मग कशाला पाय तोडता?”

“साहेब म्हणले, गंमत म्हणून ऱ्हाऊ द्या म्हाताऱ्याला. चालणं थांबलं की नोकरी संपली.”

चालता चालताच शिवलिंगप्पा पुढं म्हणाले,

“एक करा बाई. अंबादासरावांना म्हणावं, हसायचं तर पोटभर हसा. पण माझी कारभारीण इरम्मा भाकरी घिऊन कचेरीच्या दारात उभी असती. ती माघारी जाईस्तवर तेवढं थांबा.”