पाप्याचं पितर

माझा मामा कारखान्यातले बॉयलर आतून साफ करायचा. आत शिरायचं भोक जेवणाच्या ताटाहून थोडंच मोठं. अंगानं बरा माणूस खांद्यालाच अडकायचा. मामा मात्र आधी हात, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून सुळकन आत जायचा आणि भिंतींवर साचलेला पांढरा थर छिन्नीनं खरवडत बसायचा. मुकादम त्याला ‘पाप्याचं पितर’ म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना म्हणायचा. मामाला त्याचं काही वाटत नसे. हाडं आणि कातडं एवढ्या भांडवलावर आपली नोकरी चाललीय, हे तो जाणून होता.

वाटायचं ते मामीला. मी शाळेत असताना एकदा जेवताना विचारलं, “मामा, पाप्याचं पितर म्हणजे काय रे?”

“अगं, पापी माणसानं वाढलेलं त्याच्या पितरांना पोचत नाही म्हणे,” मामा हसत म्हणाला. “मग ती बिचारी उपाशीच राहतात. वाळून माझ्यासारखी होतात.”

मामीचा हात पातेल्यातच थांबला. “म्हणजे वाढणारं माणूस पापी. या घरात वाढतं कोण?”

मामानं जीभ चावली, पण बोलून बसला होता.

तेव्हापासून मामीनं त्याला जाडं करायचा ध्यासच घेतला. डबा झाकण लागणार नाही इतका भरायची. मामा त्यातला अर्धा सोबतच्यांना वाटून टाकायचा, कारण पोट सुटलं की नोकरी सुटली. ती माणसं मामीचं अन्न चापून खायची आणि वर म्हणायची, बायको याला उपाशी ठेवते वाटतं. मला त्यांचा आजही संताप येतो.

पुढे मामा आणखीच वाळू लागला. मामीला वाटलं, डबा वाटून टाकतायत. तिनं आधी अबोला धरला, मग समोर बसवून खाऊ घातलं. अंगाला काही लागेना. मुकादम उलट खूश होता, आता कुठल्याही बॉयलरमध्ये हा सहज जातो म्हणून. जन्मभर काडी असलेला माणूस खंगतोय, हे कुणाला कळणार? एक दिवस तो भोकातून अर्धा बाहेर आला आणि तिथेच कोसळला. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या.

दवाखान्यात मात्र त्याचं अंग भरलं. गालांचे खड्डे बुजले, मनगटं गोल झाली. मामी हरखून गेली. ती सूज होती. डॉक्टरांनी ते मला आणि मामाला सांगितलं होतं. मी मामीला सांगायला उठले, तर मामानं माझा हात धरला.

“राहू दे. किती वर्षांनी हसतेय ती.”

मामीनं मुकादमाला मुद्दाम बोलावून घेतलं. पांघरूण बाजूला करून मामाचा दंड दाखवत ती म्हणाली, “बघा भाऊ. आता म्हणा पाप्याचं पितर.”

मुकादमाची नजर मामाच्या तट्ट फुगलेल्या पावलांवर गेली.

“नाही वहिनी,” तो म्हणाला. “चांगलं अंग धरलंय. तुमच्या हाताला यश आलं.”

मामा त्याच आठवड्यात गेला. मामी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “गेले तेव्हा अंगानं चांगले भरले होते हो.” आणि माझ्याकडे बघते. मी हो म्हणते.