घशाच्या पुढचा रस्ता

शाळेत पचनसंस्थेचा धडा शिकवताना एक गोष्ट मी नेहमी सावकाश सांगत असे. घास गिळायचा की नाही हे आपण ठरवतो. पण तो घशाच्या मागे उतरला की पुढचा कारभार शरीर आपल्याला न विचारता चालवते. अन्ननलिकेचे स्नायू घासाच्या मागे आवळतात, पुढे सैल होतात आणि त्या लाटेवर घास खाली जातो. लाट पोचण्याआधीच जठराच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे उघडते. जठरही सैल होऊन जागा करून ठेवते. हे सारे मज्जातंतूंच्या हुकमाने होते. मुलांना याची मौज वाटे, मलाही वाटे.

मी निवृत्त झालो आणि तामलवाडीच्या घरी बायकोचा घास अडकू लागला. आधी भाकरी, मग भात, पुढे पाणीसुद्धा. छातीच्या मध्यावर बोट ठेवून ती म्हणे, इथं थांबलंय. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तरी गोळ्या चालूच होत्या.

मग भूमहून माझी थोरली बहीण आली. आमच्याकडे पोटाचे काहीही बिघडले की पहिला संशय बेंबी सरकल्याचा. तिने बेंबी बसवणाऱ्या एका म्हातारीला बोलावले. बेंबी रिकाम्या पोटीच बसवतात, आणि सकाळपासून बायकोने काही घेतले नव्हते. तेव्हा पोट रिकामेच आहे असे सर्वांनी धरले. तिला उताणे निजवले. म्हातारीने तेल लावून बेंबीवर अंगठा दाबला, आणि आदल्या दिवशीचा भात घशाशी आला. ती गुदमरली, डोळे पांढरे झाले. मी तिला उठवून बसवले, पुढे घमेले धरले आणि तिने तो भात त्यात ओकून टाकला.

बहीण म्हणाली, "पित्त पडलं बघ. आता भूक लागंल."

मी घमेल्यात पाहिले. शिते अख्खी होती. आंबट वास नव्हता. जठरातल्या आम्लाचा त्या भाताला स्पर्शही झालेला नव्हता.

"अक्का, हे पोटात गेलंच नव्हतं," मी म्हणालो.

"मास्तर, आता बायकोच्या वांतीतबी तुला धडा दिसाय लागला व्हय?" ती म्हणाली, पण सोलापूरला जायची पिशवी तिनेच भरली.

तिथे बायकोला पांढरे औषध पाजून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहिले. अन्ननलिका फुगून पिशवीसारखी झाली होती आणि खाली चोचीसारखी निमुळती. पांढरा स्तंभ तसाच उभा होता. लाट आलीच नाही. डॉक्टरांनी सांगितले की तिथले मज्जातंतू गेले आहेत, ते परत येणार नाहीत. बंद कडे फुग्याने ताणून मोकळे करता येते. पण वर आलेले अन्न फुप्फुसात शिरून तिथे जंतुसंसर्ग झाला आहे. अंगात थोडी शक्ती येईपर्यंत हात लावता येणार नाही. शक्तीसाठी नाकातून जठरापर्यंत नळी घालून पाहिली. तीही कड्याशी वळून माघारी आली. उद्या पुन्हा घालून पाहू, म्हणाले.

मी दोनदा त्यांना तेच विचारले. जेवण गेल्याशिवाय शक्ती कशी येणार, आणि कडे उघडल्याशिवाय जेवण कसे जाणार? त्यांनीही दोनदा तेच उत्तर दिले. सध्या सलाईन.

खाटेवर ती उशीला टेकून बसली होती. तिने मला जवळ बोलावले.

"पोरांना सांगत होता तसं मला सांगा. ह्यातलं माझ्या हातात काय हाय?"

खोटे बोलावेसे वाटले. जमले नाही.

"गिळणं," मी म्हणालो. "घशापर्यंत. पुढचं नाही."

तिने पेल्याकडे बोट दाखवले. चमचाभर पाण्याची परवानगी होती. मी ते तिच्या ओठांशी धरले. तिने डोळे मिटले आणि गिळले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यापुढचे बाहेरून काही दिसत नाही. मी रिकामा चमचा धरून तिच्या छातीकडे पाहत उभा राहिलो.