नितळ दात

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात दयाराम अठरा वर्षं लोकांचे दात घडवतोय. डॉक्टर माप पाठवतात, हा काचेच्या जांभळ्या ठोकळ्यातून दात कोरतो आणि भट्टीत घालतो. तिथं सात मिनिटं कडक आच मिळाली की काचेत बारीक स्फटिक उगवतात, सुयांसारखे एकमेकांत अडकतात. मग तडा पुढं सरकत नाही. पण उजेडही त्यांच्यात अडखळतो, दात जरा पांढुरका दिसतो. ताकद हवी तर थोडा नितळपणा सोडा, हे दयाराम नव्या कामगारांना शिव्या घालून शिकवायचा.

आणि स्वतः काय केलं बघा!

त्याची आई भागूबाई म्हणजे जूचंद्रची धवलारीण. लग्नात देवांना बोलावणारे धवले तिनं गायल्याशिवाय हळद लागायची नाही. पडवीत घसरून तिचा पुढचा दात अर्धा तुटला आणि शब्दांतून वारा जायला लागला. त्यात नात ऋतिकाचं लग्न तोंडावर आलेलं. दयाराम म्हणाला, “आये, मी करतो ना कॅप.”

“चुन्यासारकी नको रं,” म्हातारी म्हणाली. “मानसं गानं सोडून दाताकडं बघतील.”

तेवढ्यासाठी या शहाण्यानं दात चार मिनिटांतच भट्टीबाहेर काढला. शेजारच्या दाताशी असा जुळला की डॉक्टरही फसले. काय गर्व वाटला मेल्याला!

हळदीला भागूबाईनं सुपारी तोंडात घातली नाही, पोरानं बजावलं होतं ना. दोन धवले झाले. मग कुणीतरी वडा दिला, चांगला मऊ वडा. एक घास तोडला आणि कॅपचा तुकडा तळहातावर आला. तिनं पुढचा धवला धरला, पण देवांची नावं फुसफुसत बाहेर पडली. मागच्या दोघीतिघी हसल्या. भागूबाई मध्येच थांबली. उरलेलं दुसऱ्या बाईनं उरकलं.

दयारामनं नवा दात केला, पुरी सात मिनिटं देऊन. म्हातारीनं तो बसवूनच घेतला नाही.

“माज्याकडून काय तरी वंगाळ झालं असंल,” ती म्हणाली. “म्हनून देवांनी नाव घेऊ दिलं नाय.”

“आये, चूक...” दयारामच्या तोंडून एवढंच निघालं.

“कुनाची?”

“कुणाची नाय.”

तेव्हापासून भागूबाई एकाही लग्नाला गेली नाही. जेवायला बसण्याआधी ती रोज देवापुढं नाक घासून माफी मागते, आणि दयाराम शेजारी बसून मुकाट जेवतो.