चोंगचिंगमधले अडीचशे मीटर

कुवेतमध्ये सतरा वर्षं काढली की माणूस चढ विसरतो. महबूल्यातल्या आमच्या इमारतीपासून माझ्या ऑफिसपर्यंत गाडीला जो काही चढ लागतो तो उड्डाणपुलाचा. बाकी सगळी जमीन पाटासारखी. त्यात माझं काम तेलाच्या पाइपलाइनींसाठी सर्व्हे करण्याचं. नकाशा हा माझ्या पोटापाण्याचा विषय, आणि नकाशाबद्दल कोणी मला शिकवलेलं मी खपवून घेत नाही. घरात तर नाहीच नाही.

बारावीनंतर मुलीला इथे ठेवून काही उपयोग नव्हता. डॉक्टर व्हायचं होतं, पुण्यात गुण पुरले नाहीत. चीनमधल्या कॉलेजांच्या यादीतून चोंगचिंग हे नाव मीच काढलं. ती गेली आणि बायको आठवडाभर रडली. मी रडलो नाही. मी उपग्रहाचा नकाशा उघडून बसलो. तिच्या होस्टेलच्या आसपासचे रस्ते, बाजार, पूल, दवाखाने, सगळं तोंडपाठ केलं. इतक्या लांबून दुसरं काय करणार होतो? पोरीच्या आपण अजून उपयोगी पडतो, एवढंच मला हवं होतं.

दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊला आमची फेरी निघायची. तिकडे दुपारचे दोन वाजलेले असायचे आणि तिचे तास संपलेले असायचे. ती व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरून चालायची आणि मी इथे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर तिचा ठिपका बघत वाट सांगायचो. आता डावीकडे. आता बाजाराच्या मागच्या गल्लीतून. शहर पायी हिंडल्याशिवाय कळत नाही, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. मी स्वतः महबूल्यात दूध आणायलाही गाडीने जातो, ही गोष्ट वेगळी.

अशा फेऱ्यांतून मी ते शहर पाहिलं. फुटपाथवर ठेंगण्या स्टुलांवर बसून पत्ते कुटणारे म्हातारे, खिडक्यांबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे, कावडीतून संत्री विकणाऱ्या बायका. एका गल्लीत सगळीच दुकानं खानावळीची. तिथल्या मिरचीच्या फोडणीने ती शिंकायला लागली की इकडे तिची आई म्हणायची, "तिला म्हणावं, तोंडावर रुमाल धर." मुलगी हसून इंग्रजीत काहीतरी उत्तर द्यायची. इथे वाढलेली मुलं ती, ऐकणार मराठी आणि बोलणार निम्मं इंग्रजी.

एकदा मी म्हटलं, "समोर मैदान आहे बघ, झाडं आहेत. बस तिथे जरा वेळ." ती कठड्यापाशी गेली आणि तिने फोन खाली धरला. खाली वीसेक मजले आणि तळाला गाड्यांचा रस्ता.

"बाबा, हे ग्राउंड नाहीये. धिस इज अ रूफ."

त्या गावात एका रस्त्यावरून सरळ आत जावं आणि पलीकडच्या बाजूने बघावं तर आपण कोणाच्या तरी गच्चीवर उभे. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. नुसता नकाशा बघून उंची कळत नाही, हे मी कामावर आलेल्या नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. त्या दिवशी मी हसलो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत सगळं विसरूनही गेलो.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तिकडे भुरभुर चालू होती. दगडी फरशीवरून तिचा पाय सटकला. लॅपटॉपवर आधी नुसतं राखाडी आभाळ दिसलं, मग तिचा चेहरा. घोटा मुरगळला होता आणि बघता बघता सुजत चालला होता.

"आय विल कॉल अ टॅक्सी," ती म्हणाली.

मी नकाशा बघितला. दवाखाना तिच्यापासून अडीचशे मीटरवर होता. टॅक्सीचा रस्ता मात्र चार किलोमीटरचा वळसा दाखवत होता. अडीचशे मीटरसाठी चार किलोमीटर! मला रागच आला.

"टॅक्सी कशाला? गंडवतात हे लोक. भिंतीला धरून हळूहळू चल. पाच मिनिटांत पोचशील."

"बाबा, आर यू शुअर?"

"अगं, नकाशा समोर आहे माझ्या."

तिने टॅक्सी बोलावली नाही. बाबा सांगतात म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटलं, आणि ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

गल्ली संपली तिथे पायऱ्या लागल्या. तिने फोन वर केला. दोन इमारतींच्या मधून पायऱ्या वर गेलेल्या, शेवट कुठे दिसत नव्हता. "थोड्याच असतील," मी म्हटलं. कठड्याला धरून ती चढू लागली. मी ठिपक्याकडे बघत होतो. ठिपका जागचा हलेना.

"नेट अडकलं वाटतं," मी म्हणालो.

बायको माझ्या मागे येऊन उभी होती. "अहो, नेट नाही अडकलं. ती चढतेय. श्वास ऐका तिचा."

मी ऐकला. एक पायरी, मग थांबणं, मग दातांमधून ओढलेला श्वास. किती पायऱ्या झाल्या कोण जाणे. शेवटी ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. वर जाववत नव्हतं, खाली उतरवत नव्हतं, आणि त्या पायऱ्यांवर कुठलीही टॅक्सी येणं शक्य नव्हतं. तिची रूममेट कॉलेजात परीक्षेला बसलेली, फोन बंद.

मी उठलो आणि गाडीची किल्ली उचलली. बायको म्हणाली, "कुठे निघालात?"

मी किल्ली परत ठेवली. विमानाने जायचं म्हटलं तरी माझा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी कंपनीची कागदपत्रं बघणाऱ्या मंदूबकडे होता आणि शुक्रवारी मंदूब फोन उचलत नाही. तरी मी त्याला चार वेळा फोन लावला. काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून.

तेवढ्यात तिच्याजवळ कोणीतरी थांबलं. पाठीवर भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी. तिने मुलीच्या पायाकडे बघितलं, मग तिच्या हातातून फोन घेऊन स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि माझ्याशी बोलू लागली. बराच वेळ बोलली. झापत होती की धीर देत होती, मला कळलं नाही. झापतच असावी. मी नुसते हात जोडले. तिने फोन मुलीच्या खिशात सारला. त्यानंतर आम्हाला काही दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. दोघींची पावलं, दोघींची धाप, मधूनच म्हातारीचा एखादा शब्द. तसे आम्ही दोघं टेबलाशी बसून राहिलो. पोहे निवून गेले. मग दार उघडल्याचा आवाज आला, गलबला ऐकू आला आणि फोन कट झाला.

दुपारी तीनला तिचा फोन आला. हाडाला बारीक चीर होती, पायाला प्लास्टर घातलं होतं. रूममेट येऊन तिला होस्टेलवर घेऊन गेली होती. म्हातारी नाव न सांगताच निघून गेली होती.

"सॉरी बाळा," मी म्हटलं. "इट्स ओके," ती म्हणाली. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, दवाखान्यात फॉर्मबिर्म भरावा लागला असेल ना? तो सगळा चिनी भाषेत असणार. जमला का?

"हो, जमला."

"आणि काही झालं तर कळवायला म्हणून नंबर घेतात, तो?"

"रूममेटचा दिला."

"माझा का नाही दिलास?"

तिला मला दुखवायचं नव्हतं, हे तिच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाबा, त्यांनी तुला फोन केला असता," ती म्हणाली, "तर तू काय केलं असतंस?"

ती चिडून बोलली असती तर मीही चिडलो असतो आणि कसंतरी निभावून नेलं असतं. पण तिने खरंच विचारलं होतं.

"बरोबर केलंस," मी म्हटलं, आणि फोन तिच्या आईकडे दिला.