सुटल्याशिवाय पुढे नाही

एम.एस्सी.ला आम्ही नंबर थिअरीवाले चौघंच. दर शनिवारी दुपारी सेमिनार. खिडकीतून भाट्याची खाडी दिसायची, पण बघायची सोय नव्हती, कारण मागच्या बाकावर सर. सर निवृत्त झालेले, तरी रिक्षा करून हौसेनं यायचे. नियम त्यांचाच. फळ्यावरची ओळ कळली नाही की 'अडलं' म्हणायचं. मग समोरचा 'सुटलं' म्हणेपर्यंत बोलणाऱ्यानं ती पुन्हा समजवायची. आणि न सुटता 'सुटलं' म्हणालात तर खैर नाही! मी एकदा कंटाळून तसं म्हणाले, तर सरांनी मलाच फळ्याशी उभं केलं. "सांग आता. तोंडदेखलं बोलायचं ते घरी गो, इथे नाय." असला संताप आला होता म्हणून सांगू! पण गणित मला खरं आलं ते त्या दुपारपासून.

शेवटच्या वर्षी सर कधी स्वतः फळ्याशी येऊन समजवायला लागले की बोलता बोलता मध्येच थांबायला लागले. खडू धरून फळ्याकडे बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं, थकतात.

मग एका शनिवारी माझी पाळी आली. तेरा ही मूळ संख्या घेऊन मी एक ते बारा आकडे लिहिले आणि जोड्या लावायला घेतल्या. दोघांच्या गुणाकाराला तेरानं भागलं की बाकी एक उरली पाहिजे. दोनची जोडी सातशी, तीनची नवाशी. एक आणि बारा तेवढे एकटे राहतात. हे सरांनीच आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवलेलं.

मागून आवाज आला, "अडलं."

परीक्षा घेतायत, असं वाटून मी हसतच म्हटलं, "सर, सात दुणे चौदा. त्यातून तेरा गेले, उरला एक."

"अडलं."

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. आवाजात चेष्टा नव्हती. सर त्या सातकडे बघत होते आणि घाबरले होते. फळा पुसून मी पहिल्यापासून सुरुवात केली, अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तशी. बाकीचे तिघं मान खाली घालून बसले. मला रडू फुटायच्या बेतात होतं. हातातला खडू मोडला.

सरांनी ते पाहिलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "सुटलं गो. हो पुढे."

सुटलं नव्हतं. खोलीत सगळ्यांना ते कळत होतं. नियमाप्रमाणे मी त्यांना फळ्याशी बोलवायला हवं होतं.

मी पुढची ओळ लिहिली.